सामनची पिल्लं ओढ्यात नेमकी कुठे राहतात? पाण्यात उतरून मोजण्याची पद्धत

वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीवर पाऊस पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल. आपल्याकडे ओढे दुथडी भरलेले असतात तेव्हा, म्हणजे ऑगस्टमध्ये, तिकडचे ओढे सर्वांत बारीक झालेले असतात. काठावरून बघणाऱ्याला त्यात फारसं काही दिसत नाही. पण गुडघाभर पाण्यात मास्क लावून तोंड बुडवलं, की एकेका डोहात कोहो सामनची वीस-तीस बोटुकली प्रवाहाकडे तोंड करून उभी दिसतात. खालच्या खळाळात, गोट्यांच्या आडोशाला, स्टीलहेडची (समुद्रात जाऊन परतणाऱ्या रेनबो ट्राउटची) पिल्लं असतात. सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर भागातली बरीच मराठी मंडळी ओढे वाचवण्याच्या स्वयंसेवी कामात असतात. ही माहिती त्यांच्या थेट उपयोगाची आहे, आणि नदीतल्या माशांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही ही पद्धत लागू पडेल.

मासा कुठे दिसला हे लिहून आणणं सोपं आहे. त्याने ती जागा निवडली की नाइलाजाने पत्करली, हे कळायला मात्र तो जिथे नव्हता त्या जागाही मोजाव्या लागतात. अर्धवट सोडलेल्या बहुतेक पाहण्या याच दुसऱ्या कामापाशी थांबलेल्या असतात.

कोणते मासे, किती काळ

सामन अंडी तळाच्या खडीत घालतात. चम आणि पिंक सामनची पिल्लं खडीतून वर आली की लवकरच समुद्राकडे निघतात. ओढ्यातल्या अधिवासाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत फारसा येत नाही. कोहोची पिल्लं साधारण मार्च ते मे दरम्यान खडीतून बाहेर येतात, वर्षभर गोड्या पाण्यात राहतात आणि पुढच्या वसंतात समुद्रात जातात. म्हणजे एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण हिवाळा ती ओढ्यात काढतात. स्टीलहेड बहुधा दोन वर्षं राहतो, कधी एक, कधी तीन. चिनूक सामनचे काही गट काही महिन्यांत जातात, काही वर्षभर थांबतात. कटथ्रोट ट्राउटमधले कित्येक तर समुद्राचं तोंडही न पाहता ओढ्यातच आयुष्य काढतात.

आधी परवानगी

यातले अनेक समूह अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली संरक्षित आहेत. सिएटलजवळच्या प्यूजेट साउंड खाडीचा चिनूक १९९९ पासून त्या यादीत आहे. नुसतं पाण्यात शिरून माशांना हुसकावणं हेही कायद्याच्या नजरेत त्रास देणं ठरू शकतं. म्हणून राज्याच्या मत्स्य विभागाला आणि जागेच्या मालकाला आधी विचारा आणि लेखी उत्तर जवळ ठेवा. विजेचा झटका देऊन मासे पकडण्याच्या पद्धतीला स्वतंत्र प्रशिक्षण आणि परवाना लागतो. तिचा इथे विचार केलेला नाही.

ओळख काठावरच पक्की करा

पाण्यात मासा तीन-चार सेकंदच नीट दिसतो. ओळखायच्या खुणा तोंडपाठ हव्यात.

कोहो: अंग चपटं आणि उंच. गुदपर (पोटाखालचा, शेपटीजवळचा पर) विळ्यासारखा वाकलेला, त्याची पुढची कड पांढरी आणि तिला लागून काळी रेघ. ही खूण दीड मीटरवरूनही दिसते. अंगावरचे उभे पट्टे अरुंद.

चिनूक: पट्टे रुंद. पाठीवरच्या मागच्या छोट्या मांसल पराच्या मधोमध पारदर्शक खिडकी असते. कोहोचा हा पर पूर्ण रंगलेला असतो.

स्टीलहेड: अंग गोलसर, लांबट. पाठीच्या परावर काळे ठिपके, गुदपर आखूड.

कटथ्रोट: जबडा डोळ्याच्या मागे जातो आणि हनुवटीखाली लालसर चीर असते. मात्र साधारण ८० मिमीच्या आतल्या पिल्लांत ही चीर धड उमटलेली नसते. त्या आकाराची स्टीलहेड आणि कटथ्रोटची पिल्लं पाण्याखाली वेगळी ओळखण्याचा प्रयत्न करू नका. दोघांची नोंद 'ट्राउट, पहिलं वर्ष' अशी एकत्र करा. खोट्या खात्रीने भरलेला रकाना पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

सामान

ड्रायसूट, मास्क, स्नॉर्कल, हातमोजे, गुडघ्यांना पॅड. पाणी १० ते १५ अंश असतं आणि त्यात तासन्‌तास सरपटायचं असतं, त्यामुळे वेटसूटवर भागत नाही. मनगटावर चढवायची पांढऱ्या पीव्हीसी नळीची पट्टी आणि पेन्सिल. नळी आडवी कापून कडा घासून घेतल्या की झालं. भडक रंग दिलेले शिशाचे चपटे तुकडे, प्रत्येकावर क्रमांक. पन्नास तरी असावेत. वेगमापक आणि सेंमीच्या खुणांचा दांडा. मोजपट्टी, थर्मामीटर, ध्रुवीकरण करणारा चष्मा. हातमोज्याच्या तर्जनीवर पक्क्या शाईने दर १० मिमीला रेघ मारून घ्या.

वेगमापक विद्युतचुंबकीय असेल तर सकाळी निघण्यापूर्वी शून्य तपासा. प्लास्टिकच्या बादलीत ओढ्याचंच पाणी घ्या, मापक मधोमध धरा आणि पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत दहा मिनिटं थांबा. धातूची बादली चालत नाही. कोहो ज्या पाण्यात उभा राहतो त्याचा वेग सेकंदाला ५-१० सेंमी असतो. तिथे शून्य ३ सेंमीने सरकलेलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

ओढ्याचे तुकडे पाडणं

मासे मोजण्याआधी एक दिवस ओढा नुसता चालून घ्या आणि त्याचे भाग पाडा: डोह, खळाळ, संथ पट्टा, धबधबी उतार. डोहांचेही प्रकार लिहा. पडलेल्या झाडाने खणलेला, धबधब्याखालचा, मुख्य धारेपासून बाजूला पडलेला कोनाडा, बीव्हर या कुरतडणाऱ्या प्राण्याने बांध घालून अडवलेलं तळं. भागाची लांबी पाण्याच्या रुंदीपेक्षा कमी भरली तर तो स्वतंत्र भाग धरू नका, नाहीतर प्रत्येक दगडामागे एक डोह निघेल.

डोहाची खोली दोन ठिकाणी घ्या: सर्वांत खोल जागी, आणि पाणी डोहातून बाहेर पडतं त्या उंबऱ्यावर. दोहोंची वजाबाकी म्हणजे डोहाची शिल्लक खोली, म्हणजे वाहणं थांबलं तरी डोहात जेवढं पाणी उरेल तेवढी. खोल जागी ८५ सेंमी आणि उंबऱ्यावर २० सेंमी असेल तर शिल्लक खोली ६५ सेंमी. हा आकडा त्या दिवशीच्या पाण्यावर अवलंबून नसतो, म्हणून जूनची मोजणी सप्टेंबरच्या मोजणीशी पडताळता येते. पाण्यात किंवा पाण्यावर आलेले १० सेंमीहून जाड आणि २ मीटरहून लांब ओंडके मोजा, मुळांसकट उपटून आलेली खोडं वेगळी लिहा. अशी खोडं पुरात सहज सरकत नाहीत, आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यात पिल्लं भरपूर असतात.

पाण्यात

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, ऊन वर असताना. पाणी ९ अंशांच्या खाली असेल तर दिवसा मोजू नका. कारण पुढे येईल.

आधी पाण्याची दृश्यता मोजा. ८-१० सेंमी लांबीचा प्लास्टिकचा मासा कापून त्यावर पट्टे रंगवा आणि पाण्याखाली काठीला बांधा. पट्टे दिसेनासे होईपर्यंत मागे जा, मग पुन्हा दिसेपर्यंत पुढे या. दोन्ही अंतरांची सरासरी म्हणजे दृश्यता. ती दीड मीटरपेक्षा किंवा डोहाच्या खोलीपेक्षा कमी असेल तर त्या दिवशी मोजणी होत नाही.

भागाच्या खालच्या टोकाला शिरा आणि प्रवाहाविरुद्ध वर जा. मासे तोंड वरच्या दिशेला करून असतात. तुम्ही मागून येता आणि उडालेला गाळ तुमच्या मागे वाहून जातो. पाय मारायचे नाहीत, हातांनी दगड धरून अंग ओढत न्यायचं. पाच मीटरचा डोह पार करायला पाच मिनिटं लागली तर वेग बरोबर आहे. रुंदी एका नजरेत मावत नसेल तर दोघांनी पट्टे वाटून घ्यावेत आणि एकाच रेषेत सरकावं. मासा तुमच्या खांद्यामागे गेला की मगच मोजा. पुढे दिसणारे मोजले तर तेच मासे पुढे पळत जातात आणि दुसऱ्यांदा मोजले जातात.

मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते. नवख्याच्या नोंदीत ६० मिमीचा कोहो ८० मिमीचा होतो आणि दुसऱ्याच वयोगटात जाऊन बसतो. उपाय साधा आहे. माशाचं नाक आणि शेपूट कोणत्या दोन दगडांपाशी येतं ते लक्षात ठेवायचं, मासा हलला की बोटावरच्या रेघांनी ते अंतर मोजायचं. दिवसाच्या सुरुवातीला अशी दहा मोजमापं केली की नजर बसते.

वीस सेंमीपेक्षा उथळ खळाळात मास्कचा उपयोग नाही. तिथली ट्राउटची बारकी पिल्लं पाण्यात उतरून मोजली तर हमखास कमी भरतात. काठावरून चष्म्यातून बघा आणि नोंदीत पद्धत वेगळी लिहा.

एकाच फेरीत सगळे मासे दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकारच्या दर पाचव्या भागात चार फेऱ्या करा, दोन फेऱ्यांमध्ये मासे पुन्हा स्थिरावू द्या. सर्वांत मोठ्या आकड्यात, तो आणि दुसऱ्या क्रमांकाचा आकडा यांतला फरक मिळवा. १४, १७, १५, १८ आले तर १८ + (१८ − १७) = १९. पहिल्या फेरीचे १४ आणि अंदाजाचे १९ यांच्या गुणोत्तरावरून बाकीच्या भागांची दुरुस्ती होते. वीसेक माशांपर्यंत ही रीत चालते, मोठ्या थव्याला नाही.

एकट्याने कधीही उतरू नका. ओंडक्यांच्या ढिगाला वरच्या बाजूने जवळ जाणं जिवावर बेतू शकतं. पाणी आरपार जातं, माणूस फांद्यांत अडकतो. ढीग नेहमी खालून गाठा. फुटातली खोली आणि सेकंदाला फुटांतला वेग यांचा गुणाकार दहाच्या आसपास गेला तर तिथे चालत उतरायचं नाही.

माशाच्या नाकापाशी काय मोजायचं

या सगळ्या खटाटोपाचं सार या टप्प्यात आहे. प्रवाहात उभं राहायला माशाला ताकद लागते आणि खाणं प्रवाहाबरोबर वाहत येतं. म्हणून चांगली जागा म्हणजे स्वतः उभं राहायला संथ पाणी आणि हाताच्या अंतरावर जोराची धार. गोट्यामागचा शांत खिसा, ओंडक्याच्या टोकाशी पडलेला भोवरा, डोहाच्या तोंडाशी धार आत पडते तिची कड. दांडगा मासा डोहाच्या तोंडाशी असतो, दुबळे मागे शेपटाकडे. वाहून येणारा किडा आधी पुढच्याला मिळतो.

मासा निवडल्यावर एक-दोन मिनिटं हलू नका. तो किडा टिपायला झेपावून त्याच जागी परतत असेल तर ती त्याची जागा. तुमच्याकडे वळून बघत असेल किंवा कडेकडेने सरकत असेल तर तो बिचकला आहे. त्याची नोंद सोडून द्या. जागा पक्की झाली की बरोबर खाली क्रमांकाचा शिशाचा तुकडा ठेवा. पट्टीवर क्रमांक, जात, लांबी आणि तळापासून उंची लिहा. भाग संपल्यावर परत येऊन प्रत्येक तुकड्यापाशी हे घ्या:

१. पाण्याची खोली.

२. नाकापाशी वेग, म्हणजे मासा तळापासून १० सेंमी वर असेल तर मापकही तळापासून १० सेंमी वर. तीस सेकंदांची सरासरी.

३. त्या उभ्या रेषेतला सरासरी वेग. खोली ७५ सेंमीच्या आत असेल तर पृष्ठभागापासून ६० टक्के खोलीवर एकदा. त्याहून खोल असेल तर २० आणि ८० टक्क्यांवर घेऊन सरासरी.

४. माशापासून ६० सेंमीच्या अंतरात सापडणारा सर्वांत जास्त वेग.

५. तळ: २ मिमीच्या आत वाळू किंवा गाळ, २ ते ६४ मिमी खडी, ६४ ते २५६ मिमी गोटे, त्यावर धोंडे, नाहीतर सलग कातळ. गोटे गाळात किती रुतलेत तेही लिहा.

६. सर्वांत जवळचा आडोसा कोणता आणि किती अंतरावर: ओंडका, पोखरलेला काठ, लोंबणारी फांदी, धोंडा.

मापक घेऊन उभं राहताना पाय धारेच्या बाजूला आणि खालच्या दिशेला. वरच्या बाजूला उभं राहिलं की स्वतःच्या पायामागचं संथ पाणीच मोजलं जातं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या आकड्यांत मोठा फरक येतो, तो चुकीमुळे नव्हे. गोट्यामागच्या स्टीलहेडसाठी नाकापाशी १२ आणि सरासरी ४० सेंमी असा आकडा अगदी शक्य आहे. फक्त सरासरी वेग घेणाऱ्याला हा मासा वेगवान पाण्यात राहतो असं वाटेल. त्याला गोटा लागतो, हे त्या नोंदीत कुठेच येणार नाही.

कोहो बहुतेक वेळा २० सेंमीपेक्षा कमी वेगात, डोहाच्या मधल्या थरात दिसेल. पहिल्या वर्षाची ट्राउट काठालगत उथळ पाण्यात. दुसऱ्या वर्षातला स्टीलहेड खोल आणि जोरदार धारेला चिकटून, पण तळाजवळ. पिल्लं वाढतात तशी खोल आणि वेगवान पाण्याकडे सरकतात. म्हणून सगळ्या वयांची सरासरी काढली की कोणाचीच नसलेली जागा तयार होते.

जिथे मासा नव्हता

त्याच दिवशी, त्याच भागांत, तेवढ्याच पाण्यात उपलब्ध जागा मोजा. दर भागात ओढ्याला आडव्या तीन रेषा, प्रत्येक रेषेवर समान अंतरावर पाच ते सात बिंदू. खोली, सरासरी वेग, तळ, आडोसा. पहिली रेषा कुठे आखायची हे चिठ्ठी काढून ठरवा. नजरेने ठरवली तर हात आपोआप डोहाकडे जातो. आठवड्याने पाऊस पडून गेल्यावर केलेली ही मोजणी कामाची नाही.

आता तुलना. समजा, ४५ सेंमीपेक्षा खोल आणि १५ सेंमीपेक्षा संथ पाणी ओढ्याच्या २० टक्के भागात आहे आणि कोहोंपैकी ६० टक्के त्यात आहेत. वापर व = ०.६, उपलब्धता उ = ०.२. निर्देशांक (व − उ) ÷ (व + उ − २वउ), म्हणजे ०.४ ÷ ०.५६, सुमारे ०.७१. शून्य आला तर निवड नाही, १ कडे झुकला तर आवड, −१ कडे झुकला तर टाळाटाळ. एका जातीच्या एका वयोगटाच्या किमान १५० नोंदी असल्याशिवाय खोली-वेगानुसार पसंती दाखवणारी वक्ररेषा काढू नका.

निर्देशांक चांगला आला तरी दोन गोष्टींनी फसगत होते. डोहातून कोहोने हुसकावलेली ट्राउट खळाळात गर्दी करते आणि कागदावर ती तिची आवडती जागा ठरते. दाट वस्ती म्हणजे चांगली जागा असं नसतं. दुसरं म्हणजे तापमान. ऑगस्टच्या दुपारी २० अंशांच्या ओढ्यात सगळी पिल्लं एका कोनाड्यात कोंबलेली दिसली तर खोली मोजण्याआधी थर्मामीटर तळाशी धरा. तिथे बहुधा जमिनीतून थंड पाणी झिरपत असतं. वॉशिंग्टनच्या नियमांत सामनच्या मुख्य उन्हाळी अधिवासासाठी रोजच्या कमाल तापमानाची सात दिवसांची सरासरी १६ अंशांच्या आत हवी असते. म्हणून दर अर्ध्या तासाला नोंद करणारा लॉगर जून ते सप्टेंबर पाण्यात, सावलीत बांधून ठेवा.

हिवाळा: रात्री

पाणी ९ अंशांच्या खाली गेलं की पिल्लं दिवसा गोट्यांच्या फटींत, मुळांत, पोखरलेल्या काठाखाली शिरतात आणि अंधारात बाहेर येतात. जानेवारीच्या दुपारी मोजलेला शून्य हा लपलेल्या माशांचा शून्य असतो. सूर्यास्तानंतर तासभराने सुरू करा. प्रत्येकाकडे दोन दिवे हवेत, आणि झोताचा मध्य माशावर न रोखता कड त्याच्यावर येऊ द्या. रात्री मासे तळाशी संथ पाण्यात जवळजवळ निश्चल असतात, त्यामुळे लांबी अचूक मिळते.

जागाही बदललेल्या असतात. शरद ऋतूतल्या पहिल्या पुरांबरोबर कोहो मुख्य धार सोडतो आणि बाजूच्या तळ्यांत, दलदलीत, बीव्हरच्या बांधामागे शिरतो. वॉशिंग्टनमधल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या क्लिअरवॉटर नदीत खुणा केलेली पिल्लं ३३ किमीपर्यंत खाली येऊन अशा तळ्यांत हिवाळा काढताना सापडली. व्हँकुव्हर बेटावरच्या कार्नेशन क्रीकमध्ये १९७० च्या दशकापासून चाललेल्या अभ्यासात हिवाळी कोहो ओंडके, खोल डोह आणि पोखरलेल्या काठांपाशी एकवटलेले दिसले. स्टीलहेड मात्र गोट्यांच्या फटीत जातो. त्या फटी गाळाने बुजल्या असतील तर त्याला जागाच नसते. तळाच्या नोंदीत गोटे किती रुतलेत हे लिहायचं ते यासाठी. ज्या ओढ्यावर उन्हाळ्यात कोहो भरपूर आहे पण वसंतात समुद्राकडे जाणारे मोजके निघतात, तिथे नवे डोह खणण्याआधी नकाशावर बाजूची तळी शोधा आणि त्यांच्या तोंडाशी रस्त्याखालची मोरी अडकली आहे का ते पाहा.

दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी

बुटांना फेल्टचे तळवे नकोत, त्यांत जीव अडकून राहतात. वॉशिंग्टनची राजधानी ऑलिम्पिया इथल्या कॅपिटॉल लेकमध्ये २००९ मध्ये न्यूझीलंडच्या चिखली गोगलगायी सापडल्या. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतात आणि ओल्या बुटात बरेच दिवस तग धरतात. ब्रशने चिखल काढा, मग बूट, हातमोजे आणि शिशाचे तुकडे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा किंवा पूर्ण कोरडे होऊ द्या. त्याच संध्याकाळी मनगटपट्टीवरच्या नोंदी वहीत उतरवा आणि उतरवून झाल्यावरच पट्टी पुसा.